वापरलेलं पाणी जातं कुठं?

गावात आलेल्या पाण्याचा इतिहास आपल्याकडे भरपूर आहे. सोलापुरात सिद्धरामेश्वरांचं तळं आहे, इंग्रजांचा एकरुख तलाव आहे, जवळच नळदुर्गला आदिलशाहीतला पाणीमहाल आहे. औरंगाबादेत मलिक अंबरची नहर. तिचं नाव घेताना आपली छाती फुगते. माझीही, वर्गात शिकवताना. पण वापरून झालेलं पाणी कुठं गेलं, हे या इतिहासात कुणी विचारत नाही.

खेड्यात पूर्वी तो प्रश्नच नव्हता. आडाचं पाणी शेंदून डोक्यावरून आणायचं, त्यामुळे बायका ते जपून वापरत. मोरीतून निघालेलं परसातल्या केळीला, अळूला जाई. नळ आला आणि हिशोब फिरला. 2019 च्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी ठरवलं. पाच माणसांच्या घरात 275 लिटर. त्यातलं दोनशेच्या आसपास पुन्हा मोरीतून बाहेर. त्याच्यासाठी उघडी गटार बांधली गेली. ती उताराला, शेवटच्या घरापाशी संपते, आणि ते घर सहसा गरिबाचं असतं.

या गटारीवर टेंभुर्णीने उपाय काढला. आपल्या माढा तालुक्यातली नव्हे, नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातली टेंभुर्णी. तिथं घरोघर शोषखड्डे झाले. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात दगडगोटे, मध्ये भोकं पाडलेली टाकी, वरून झाकण. गाळ टाकीत बसतो, पाणी जमिनीत मुरतं. गटारीचं काम उरलं नाही, डासांनाही साचलेलं पाणी मिळेना. पुढे जिल्हाभर रोजगार हमीतून असे खड्डे झाले आणि 'नांदेड पॅटर्न' हे नाव पडलं. अट एवढीच की संडासाचं पाणी त्यात सोडायचं नाही आणि खड्डा विहिरीपासून लांब हवा.

आता आपल्या घरचं. हनफी फिकहमध्ये वुजूत वापरलेल्या पाण्याला 'माए-मुस्तामल' म्हणतात. ते स्वतः पाक असतं, पण त्याने पुन्हा वुजू होत नाही. म्हणजे वापरलेल्या पाण्याचा वेगळा विचार आपल्या उलेमांनी शेकडो वर्षांपूर्वीच केला होता. पैगंबरांचं (स.) वुजू एका मुद्दमध्ये, लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात होई. आमच्या गावच्या मशिदीत मात्र नळ मोकळा वाहतो आणि ते पाणी मागच्या गल्लीत एका म्हातारीच्या दारात साचतं. बैठकीत मी विषय काढला तेव्हा एक साहेब म्हणाले, "मास्तर, पाणी पाक आहे, त्यात हरकत काय?"

म्हातारी नमाजी आहे. वर्षभर दारात फळी टाकून ये-जा करत होती.

शेवटी चार पोरांनी खड्डा खणायला घेतला. आमच्याकडे काळी माती; तिच्यात पाणी मुरत नाही, म्हणून चार फुटांवर थांबता आलं नाही. सातव्या फुटाला मुरूम लागला. दगड भरून झाल्यावर नळाच्या तोट्याही बदलल्या. त्यासाठीची वर्गणी हरकत न वाटणाऱ्या साहेबांनीच सगळ्यात आधी दिली.