पत्त्यांची वही : तीर्थोपाध्यायांच्या पोथीपासून संगणकापर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहिला जातो तेव्हा अध्यक्ष, कार्यवाह, गणेशोत्सव, नाट्यप्रयोग आणि वास्तुनिधी यांना त्यांचे रास्त स्थान मिळते. ज्या एका वहीवाचून यांपैकी काहीही घडले नसते, तिचा उल्लेख मात्र सहसा आढळत नाही. ती वही म्हणजे सभासदांच्या पत्त्यांची यादी होय. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या शहरात मराठी बिऱ्हाडे एका आळीत नसतात. एक कारखान्याच्या वसाहतीत, दुसरे रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये, तर तिसरे बदलीवर नुकतेच येऊन भाड्याच्या दोन खोल्यांत उतरलेले. त्यांना एकत्र आणणारी पहिली गोष्ट सभागृह नव्हे, यादी. या यादीची साधने कसकशी बदलत गेली आणि प्रत्येक साधनाने कोणास आत घेतले व कोणास बाहेर ठेवले, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

पत्त्यांची यादी ठेवण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आपल्या वाडवडिलांनी पाहिलेल्या असतात. गाव सांगावे, आडनाव सांगावे, की उपाध्याय नेमके पान काढून पणजोबांच्या हातची सही पुढे ठेवतात. गाव आणि कूळ या दोन किल्ल्यांवर चालणारी ही सूची पिढ्यान्‌पिढ्या टिकली, याचे कारण तिची मांडणी सोपी होती आणि ती वाचण्यास कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. मात्र ती यजमान दारी आल्यावर त्यास ओळखण्यासाठी होती. यजमानाच्या दारी काही पोहोचविण्यासाठी नव्हती.

ते काम टपालाने आणले. १८५४ साली हिंदुस्थानात अंतर कितीही असले तरी पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर झाला. १८७७ साली व्हीपीची सोय झाली आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. मराठी नियतकालिकांचा संसार ज्या वर्गणीदारांवर चालला, त्यांच्या नोंदवह्या याच सोयींच्या आधाराने वाढल्या. पुढे परप्रांतांतील मंडळांनी हीच पद्धत उचलली. सभेची सूचना सायक्लोस्टाइल करावयाची, तिची घडी घालावयाची आणि चार सुवाच्य अक्षरांच्या मंडळींनी एका संध्याकाळी बसून ‘मु. पो., ता., जि.’ सकट पत्ते घालावयाचे. या संध्याकाळी चहा किती झाला याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही.

हाताने पत्ते लिहिण्याचा कंटाळा हा सार्वत्रिक आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या सू सिटी येथील जोसेफ स्मिथ डंकन या गृहस्थांनी यावर ‘अ‍ॅड्रेसोग्राफ’ नावाचे यंत्र काढले व १८९६ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे या यंत्रात प्रत्येक पत्त्यासाठी धातूची एक पट्टी असे. तीवर अक्षरे उठविलेली असत, आणि पट्ट्यांची चळत यंत्रात घातली की एकामागून एक लिफाफे छापून निघत. मोठ्या कंपन्यांना आणि वृत्तपत्रांना हे परवडे. पत्ता बदलला तर नवी पट्टी, माणूस गेला तर पट्टी काढून टाकावयाची. धातूवर उठविलेले नाव दुरुस्त करणे कठीण, म्हणून एक घर, एक पट्टी, आणि पट्टीवर कर्त्या पुरुषाचे नाव, हा रिवाज सोयीचा ठरला. आपल्या वह्यांतही यंत्राशिवायच तोच रिवाज होता.

आपल्या देशात पत्त्यास शिस्त लावण्याचे मोठे काम १५ ऑगस्ट १९७२ रोजी झाले. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषा आणि लिप्या यांमुळे पत्रे भलतीकडे जात. केंद्रीय संचार मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी त्यावर सहा अंकी पिनकोडची योजना आखली. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन बटवडा करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. वेलणकर हे संस्कृतचे कवी व नाटककार होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पुण्याचे ४११००१, बडोद्याचे ३९०००१, इंदूरचे ४५२००१, तंजावरचे ६१३००१ : या आकड्यांत बृहन्महाराष्ट्राचा सारा नकाशा सामावलेला आहे, आणि तो एका मराठी माणसाच्या मांडणीतून आलेला आहे, याचा अभिमान वाटल्यास वावगे नाही.

यानंतर संगणक आला. अ‍ॅड्रेसोग्राफने जे पट्टीवर केले तेच आता पडद्यावरच्या कोष्टकात होऊ लागले. परंतु एक मूलभूत फरक पडला. एकच यादी हवी तशी लावता येऊ लागली : आडनावाने, पिनकोडाने, वर्गणी थकली आहे की नाही यानुसार. वेन रॅट्लिफ यांनी लिहिलेला ‘डीबेस’ हा कार्यक्रम १९८० च्या सुमारास बाजारात आला आणि आपल्याकडेही कार्यालयांतून व संस्थांतून बराच रुळला. त्यात प्रत्येक रकान्याची लांबी आधीच ठरवावी लागे. नावास वीस अक्षरे दिली की एकविसावे अक्षर गळालेच! ‘वर्डस्टार’ या लेखन-कार्यक्रमाच्या जोडीला ‘मेलमर्ज’ होता. पत्राच्या मजकुरात नावापुरती मोकळी जागा ठेवावयाची, यादी स्वतंत्र ठेवावयाची, आणि यंत्राने दोहोंची गाठ घालून प्रत्येकास त्याच्या नावाचे पत्र छापून द्यावयाचे. १९८५ साली विंडोजच्या पहिल्या आवृत्तीबरोबर ‘कार्डफाइल’ आली. ती अगदीच साधी होती. वर एक ओळ, खाली मोकळे कार्ड. वरच्या ओळीवरून कार्डे आपोआप अकारविल्हे लागत. वरच्या ओळीत ‘श्री.’ लिहिणाऱ्यांची सारी मंडळी एकाच अक्षराखाली गोळा होत, हा भाग वेगळा. पण दोन-अडीचशे घरांच्या संस्थेस असलाच साधा कार्यक्रम पुरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फार मोठ्या कार्यक्रमाचे ज्ञान एकाच उत्साही तरुणास असते, आणि त्याची बदली झाली की यादी मुकी होते.

खरी अडचण लिपीची होती. रोमन लिपीत काणे आणि काने एकच होतात, आणि एकाच देशपांड्यांचे स्पेलिंग दोन परींनी लिहिले गेले की एका घरी दोन निमंत्रणे जातात. भारतीय लिपींच्या संगणकीकरणाचा पाया आयआयटी कानपूर येथे घातला गेला. १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ या नावाने ते काम पुढे नेले. ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तथापि छपाईसाठी जे टंक लोकप्रिय झाले त्यांपैकी पुष्कळांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. दिसावयास सुरेख, पण अनुक्रम लावताना ऱ्हस्व वेलांटी आधी मोजली जाई. त्यामुळे चितळे, निमकर आणि शिंदे शेजारी शेजारी येऊन बसत! अशा याद्या आज त्या टंकाशिवाय उघडल्या तर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. शंभर वर्षांपूर्वीची त्र्यंबकेश्वरची वही वाचता येते आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची यादी वाचता येत नाही, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. १९९१ पासूनच्या युनिकोडने हा प्रश्न पुढे बहुतांशी सोडविला, जरी वर्णमालेच्या शेवटी ‘क्ष’ शोधणाऱ्यास क्षीरसागरांचे घर आजही ‘क’ मध्ये सापडते.

एका बाबतीत मात्र आपली भाषा यंत्रास आधीच सिद्ध होती. मराठीत विभक्ती लागताना नामाचे सामान्यरूप होते. कुलकर्णी यांचे ‘कुलकर्ण्यांना’ होते. मोकळ्या जागेत नाव भरणाऱ्या यंत्रास हे कसे जमावे? पण जुन्या मायन्यात ‘रा. रा. अमुक अमुक यांस’ असे लिहीत. नाव अविकृत राहते आणि प्रत्यय ‘यांस’ने उचलला जातो. पुढे ‘आपण’ आले की पुरुष-स्त्री भेदही उरत नाही. आपल्या चिटणीशी परंपरेने घडविलेला हा मायना शब्दही न बदलता ‘मेलमर्ज’मध्ये बसला.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. घरागणिक एक नोंद आणि ती यजमानाच्या नावे, ही पद्धत वहीतून पट्टीत आणि पट्टीतून कोष्टकात जशीच्या तशी आली. परिणाम असा, की यजमान निवर्तले म्हणजे नोंद काढून टाकली जाते, आणि तीस वर्षे हळदीकुंकवास व कोजागरीस राबलेल्या त्यांच्या पत्नीस निमंत्रण जाणे बंद होते. कोणाच्या मनात तसे नसते. पण यादीत त्या कधी नव्हत्याच. मुले परदेशी, माहेर-सासर महाराष्ट्रात, आणि ज्या शहरात सारा जन्म गेला तेथे दारावर येणारे मराठी पत्रही थांबते. नोकरीनिमित्त एकटी राहणारी मुलगी, लग्नानंतर आडनाव बदललेली किंवा न बदललेली सभासद, घरजावयाप्रमाणे मराठी झालेला पंजाबी वा तमिळ जावई, हे सारे याच रकान्यांच्या फटीतून निसटतात.

साधा कार्यक्रमदेखील यावर उपाय करू शकतो. प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र नोंद ठेवावी, घरास एक क्रमांक द्यावा, आणि लिफाफा काढताना त्या क्रमांकावरून एकच काढावा. दिवंगतांची नोंद पुसू नये. एका रकान्यात साल लिहावे, म्हणजे पुढच्या स्मरणिकेस श्रद्धांजलीची यादी आठवणीवर विसंबून करावी लागणार नाही. पत्ता शेवटचा केव्हा पडताळला याची तारीख असावी. वर्षातून एकदा सारी यादी युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या स्वरूपात काढून ठेवावी व एक प्रत कागदावर छापून कार्यालयाच्या कपाटात ठेवावी. सभासदांचे पत्ते व दूरध्वनी स्मरणिकेत सरसकट छापण्याची जुनी चाल मात्र आता सोडावी लागेल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे. आणि कायदा नसता तरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे पत्ते चारचौघांत वाटणे शहाणपणाचे नाही.

दरम्यान टपालाच्या सोयीही आटत आहेत. तारखाते २०१३ च्या जुलैत बंद झाले, आणि २०२५ मध्ये नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. पुष्कळ मंडळांच्या सूचना आज भ्रमणध्वनीवर जातात, आणि तेथील गटात ज्याचा क्रमांक तोच सभासद. सत्तरी ओलांडलेल्या अनेकांपाशी तसा क्रमांक नाही, किंवा असलेला क्रमांक मुलाच्या नावे आहे. ज्या संस्थांनी कागदी लिफाफ्यांसाठी यादीत एक वेगळी खूण ठेवली आहे, त्यांच्याकडून अशा घरी अजूनही वर्षाकाठी एखाददुसरे पत्र जाते, आणि त्याच्यावर नाव मराठीत असते.