उसनी ओळख : माशाच्या ॲलर्जीचा एक प्रयोग

मासे खाल्ल्यावर एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात. शेजारी बसून तेच मासे खाणाऱ्याला काहीच होत नाही. त्वचेतील पेशी दोघांच्याही सारख्याच. मग मासा ‘ओळखतो’ कोण?

याचे पहिले ठोस उत्तर १९२१ साली मिळाले. तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाउ (आज पोलंडमधील व्रोत्सवाफ) शहरात कार्ल प्राउसनिट्झ व हाइन्झ क्युस्टनर हे डॉक्टर होते. क्युस्टनर यांना माशाची ॲलर्जी होती, प्राउसनिट्झ यांना नव्हती. क्युस्टनर यांचे थोडे सीरम प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि तेथे गांध उठली. सीरममध्ये पेशी नसतात. म्हणजे प्रतिक्रिया देणाऱ्या पेशी प्राउसनिट्झ यांच्या, पण ओळख उसनी! ती सीरममध्ये विरघळलेल्या एखाद्या घटकात होती.

हा घटक सापडायला आणखी ४५ वर्षे लागली, कारण रक्तात तो अत्यल्प असतो. १९६६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे किमिशिगे व तेरुको इशिझाका यांनी तो वेगळा दाखवला. १९६७ मध्ये स्वीडनमधील योहान्सन व बेनिक हे स्वतंत्रपणे त्याच प्रतिपिंडापर्यंत पोहोचले. १९६८ मध्ये त्याचे ‘आयजीई’ असे नामकरण झाले.

आता क्रम स्पष्ट होतो. माशाच्या स्नायूंत पार्व्हाल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते. शिजवूनही ते बहुतांशी टिकते. सुरुवातीच्या संपर्कात काही व्यक्तींच्या बी-पेशी, टी-पेशींच्या मदतीने, त्याविरुद्ध आयजीई तयार करतात. हे प्रतिपिंड मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. पुढच्या वेळी प्रथिनाचा एक रेणू शेजारच्या दोन प्रतिपिंडांना जोडतो, तेव्हा पेशी हिस्टामिन सोडते. अभियांत्रिकीच्या भाषेत, मास्ट पेशी म्हणजे भोंगा आणि आयजीई म्हणजे त्याला बाहेरून जोडलेला संवेदक.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. संवेदक वेगळा आहे म्हणूनच भोंग्याला हात न लावता तो अडवता येतो. आयजीईला पकडून ठेवणारे ओमालिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००३ मध्ये दम्यासाठी आणि २०२४ मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठी मंजूर झाले.

विचार करा : प्राउसनिट्झ यांनाही माशाची ॲलर्जी असती, तर या प्रयोगातून काय सिद्ध झाले असते?