घरी लोहारकाम सुरू करताय? पहिली ऐरण अशी निवडा

'प्रश्न ऐरणीवर आला' असं आपण बातम्यांमध्ये सारखं ऐकतो. पण खरीखुरी ऐरण विकत घ्यायची वेळ आली की बरेच जण गोंधळतात. सुरी, हुक किंवा खुरपं घरी बनवण्याचे व्हिडिओ बघून हुरूप येतो, मग शॉपिंग ॲपवर 'अ‍ॅन्व्हिल' सर्च केलं जातं. समोर येतात शिंगवाल्या, छान रंगवलेल्या ऐरणी. त्यातल्या काही चांगल्या असतात, तर काही फक्त ऐरणीसारख्या दिसतात.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर आकार बघू नका. वजन, धातू आणि उसळी या तीन गोष्टी बघा. फक्त मेगापिक्सेल बघून फोन घेण्यासारखंच आहे हे. जे सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं, ते सगळ्यात कमी महत्त्वाचं असतं.

वजन किती हवं?

तुम्ही १ किलोचा हातोडा लाल तापलेल्या पट्टीवर मारता. पट्टी मऊ असल्यामुळे हातोडा फारसा उसळत नाही. त्याची काही ऊर्जा पट्टीला आकार देते आणि उरलेली ऐरण हलवण्यात वाया जाते. ऐरण मोकळी ठेवली आहे असं धरून अकरावी-बारावीच्या फिजिक्सचं सूत्र लावलं, तर पट्टीच्या वाट्याला येणारी ऊर्जा अशी:

- ५ किलोची ऐरण: सुमारे ८३ टक्के
- २५ किलोची ऐरण: सुमारे ९६ टक्के
- ५० किलोची ऐरण: सुमारे ९८ टक्के

म्हणजे ५ वरून २५ किलोवर गेलात तर मोठा फायदा होतो. २५ वरून ५० वर गेलात तर फक्त २ टक्के. हातोड्याच्या ५० पट वजनाची ऐरण असावी असा एक ठोकताळा आहे, पण पहिल्या ऐरणीसाठी २०-२५ किलो पुरतात. अट एकच: वजन हातोड्याच्या बरोबर खाली हवं आणि ऐरण पक्की बसवलेली हवी.

शिंगाचं काय? वाकवण्याच्या कामात ते सोयीचं असतं, पण त्यावाचून अडत नाही. आपल्याकडच्या घिसाडी लोहारांची ऐरण म्हणजे रोवलेला लहानसा पोलादी ठोकळा. जपानमध्ये तलवारी बनवणाऱ्यांची पारंपरिक ऐरणसुद्धा बिनशिंगी ठोकळाच असते. वाकवायला जाड पाइप किंवा गोल सळईचा तुकडा वापरता येतो.

धातू कोणता?

लिस्टिंगमधले हे शब्द नीट वाचा:

- कास्ट आयर्न, म्हणजे बीड: टाळा. ठिसूळ असतं, कडेचे टवके उडतात आणि हातोड्याला उसळी मिळत नाही.
- कास्ट स्टील: नावात 'कास्ट' असलं तरी हे बीड नाही, ओतीव पोलाद आहे. पृष्ठभाग कडक केलेला असेल तर उत्तम.
- फोर्ज्ड स्टील: ठोकून घडवलेलं पोलाद. चांगलं, पण महाग.
- फक्त 'हेवी ड्यूटी' लिहिलं असेल, तर धातूबद्दल काहीच सांगितलेलं नाही. विक्रेत्याला विचारा.

कमी खर्चाचे दोन पर्याय

पहिला पर्याय पोलादी ठोकळ्याचा. स्टीलच्या व्यापाऱ्याकडे किंवा भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने मिळतो. १० × १० × ३० सेंमीचा ठोकळा साधारण साडेतेवीस किलो भरतो. तो उभा बसवा. 'ईएन ८' ग्रेड मिळाला तर छान, साधं एमएस मिळालं तरी चालेल. त्यावर खड्डे पडले तर ग्राइंडरने सपाट करता येतात.

दुसरा पर्याय रुळाच्या तुकड्याचा. भारतीय रेल्वेचा '६० किलो' रूळ म्हणजे मीटरला सुमारे ६० किलो. ४५ सेंमीचा तुकडा २७ किलोच्या आसपास जातो. बरेच जण तो आडवा ठेवतात, पण मग मधली जेमतेम दीड-पावणेदोन सेंमी जाडीची पट्टी स्प्रिंगसारखी हलते. तोच तुकडा उभा करून कापलेल्या टोकावर काम केलं, तर सगळं वजन हातोड्याखाली येतं.

रूळ घेताना कायदा लक्षात ठेवा. रेल्वे मालमत्ता (बेकायदा कब्जा) कायदा, १९६६ नुसार चोरीची असल्याचा रास्त संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती कायदेशीर मार्गाने आली हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. पहिल्या गुन्ह्यालाही ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रुळाशेजारी पडलेला तुकडा 'कोणाचाच नाही' असं समजून उचलू नका. रेल्वे आपलं भंगार लिलावाने विकते. तिथून माल घेतलेल्या व्यापाऱ्याकडूनच घ्या आणि बिल जपून ठेवा. बिल मिळत नसेल तर सरळ ठोकळा घ्या.

फोनने उसळी मोजा

१. गॅरेजमधून जुन्या बेअरिंगची मोठी गोळी आणा. साधारण २५ मिमीची असेल तर उत्तम.
२. ऐरण घट्ट जमिनीवर ठेवा, तोंड पुसून घ्या आणि मागे पट्टी उभी करा.
३. फोन स्लो मोशनवर ठेवा. कॅमेरा गोळी जिथवर उसळेल त्या उंचीला हवा, तिरका धरलात तर आकडा चुकेल.
४. गोळी २५ सेंमीवरून सोडा आणि व्हिडिओ थांबवून ती किती वर आली ते बघा.

गोळी २० सेंमीपर्यंत परत आली, म्हणजे ८० टक्के, तर तोंड छान कडक आहे. 'कडक केलेली ऐरण' म्हणून विकत असतील आणि गोळी निम्म्यापर्यंतही येत नसेल, तर व्यवहार सोडा. रूळ किंवा एमएसची उसळी कमीच असणार. ते भंगाराच्या भावात मिळतंय, म्हणून चालतं. चार-पाच ठिकाणी मोजा. एकाच जागी गोळी मेल्यासारखी पडली तर आत तडा असू शकतो. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे हाच व्हिडिओ मागा.

बसवताना आणि वापरताना

- हात सैल सोडून उभे राहा. ऐरणीचं तोंड बोटांच्या मुठीच्या उंचीला यायला हवं. फार खाली असेल तर पाठ धरते.
- जाड लाकडी ओंडक्यावर पक्कं आवळा किंवा वाळू भरलेल्या मजबूत पेटीत रोवा.
- आवाज खणखणीत येत असेल तर ऐरणीभोवती साखळी आवळा किंवा मोठं लोहचुंबक चिकटवा. शेजारी दुवा देतील.
- धारदार कडा घासून किंचित गोल करा, नाहीतर कामावर खाचा पडतात.
- मोकळ्या ऐरणीवर जोरात हातोडा मारू नका. कडक पोलादावर कडक पोलाद आपटलं की कपची उडू शकते. गॉगल कायम हवाच.
- कोळशाची भट्टी बंद खोलीत कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंडही तापवू नका, त्याचा धूर विषारी असतो.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

वजन २० किलोंच्या वर. धातू पोलाद, बीड नाही. तुकडा उभा. उसळीचा व्हिडिओ बघितला. बिल घेतलं. या पाचही गोष्टी जुळल्या, तर शिंग नसलेली ऐरणसुद्धा तुमचं पहिलं वर्ष आरामात काढेल. पुढे नेमकं काय बनवायला आवडतं हे कळलं, की मोठ्या ऐरणीचा विचार करा.