व्हिक्टर कोर्चनॉय : पटावरचा प्रतिस्पर्धी आणि पटाबाहेरची सत्ता

१. जगज्जेतेपद न मिळालेल्या श्रेष्ठ बुद्धिबळपटूंत व्हिक्टर कोर्चनॉय यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांचा जन्म १९३१ मध्ये लेनिनग्राड येथे झाला. नाझी फौजांच्या वेढ्यातील उपासमार त्यांनी बालवयात सोसली. वडील त्याच युद्धात गेले. १९५६ मध्ये ते ग्रँडमास्टर झाले आणि पुढे चार वेळा सोव्हिएत विजेते ठरले.

२. सोव्हिएत ग्रँडमास्टरला राज्याकडून मानधन मिळे. परंतु परदेशी कोणी खेळायचे, हेही राज्यच ठरवी. १९७४ मध्ये कँडिडेट्सच्या अंतिम सामन्यात तरुण अनातोली कार्पोव्ह यांनी कोर्चनॉय यांना ३-२ असे हरवले. १९ डाव बरोबरीत सुटले. पुढच्या वर्षी बॉबी फिशर खेळले नाहीत आणि कार्पोव्ह एकही डाव न खेळता जगज्जेते झाले. कोर्चनॉय यांनी जाहीर नाराजी व्यक्त करताच त्यांचा परदेशप्रवास रोखण्यात आला.

३. बंदी उठल्यावर, जुलै १९७६ मध्ये, ॲमस्टरडॅमची स्पर्धा संपताच त्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला. पत्नी व मुलगा मात्र लेनिनग्राडमध्येच राहिले.

४. यानंतर सोव्हिएत खेळाडूंनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कोर्चनॉय यांना बोलवायचे, तर सोव्हिएत ग्रँडमास्टरांवर पाणी सोडायचे, असा पेच आयोजकांपुढे उभा राहिला. जगज्जेतेपदाच्या लढती मात्र जागतिक संघटनेच्या हाती होत्या. तेथे पेट्रोशियन, पोलुगायेव्हस्की आणि स्पास्की या तीन सोव्हिएत दिग्गजांना हरवून ते आव्हानवीर ठरले.

५. १९७८ मध्ये फिलिपिन्समधील बागिओ येथे सहा विजयांची लढत झाली. २७ डावांनंतर कार्पोव्ह ५-२ असे पुढे होते. पुढील चारपैकी तीन डाव जिंकून कोर्चनॉय यांनी ५-५ अशी बरोबरी साधली. ३२वा डाव कार्पोव्ह यांनी जिंकला आणि मुकुट राखला.

६. इकडे सैन्यभरती नाकारल्याबद्दल मुलाला श्रमछावणीची शिक्षा झाली होती. १९८१ मध्ये इटलीतील मेरानो येथे कोर्चनॉय पुन्हा कार्पोव्ह यांच्यासमोर बसले, तेव्हा तो छावणीतच होता. ही लढत ते ६-२ अशी हरले. १९८२ मध्ये मुलगा सुटला आणि कुटुंबाला देश सोडता आला.

७. १९८३ मध्ये सोव्हिएत संघाने कास्पारोव्ह यांना पॅसाडेनाला पाठवले नाही. कोर्चनॉय न खेळता विजयी ठरले. तरीही लंडनमध्ये खेळण्यास त्यांनी संमती दिली. ते हरले, पण या तडजोडीत त्यांच्यावरील बहिष्कार उठला.

८. सत्तेला त्यांचा खेळ थांबवता आला नाही. म्हणून तिने निमंत्रणे अडवली आणि कुटुंब रोखून धरले. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला. कोर्चनॉय २०११ मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी, स्वित्झर्लंडचे राष्ट्रीय विजेते झाले. २०१६ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले.