श्रीक्षेत्र गिरनार : भवनाथची दरी, लेणी व दत्तशिखर

तरसाली व बडोद्याच्या अन्य भागांतील अनेक मराठी कुटुंबांत गिरनारची यात्रा हा जुना नेम आहे. नर्मदातीरावरील नारेश्वर व गरुडेश्वर ही दत्तस्थाने एका दिवसात पाहून घरी परतता येते. जुनागड मात्र बडोद्याहून सुमारे साडेतीनशे कि.मी. दूर असल्याने या यात्रेसाठी किमान तीन दिवस राखावे लागतात. बहुतेक भाविक रात्री भवनाथला उतरतात, पहाटे चढू लागतात, पादुकांचे दर्शन घेतात आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरतात. पायथ्याची दरी पाहावयाची राहून जाते. म्हणून या लेखात आधी दरीची माहिती दिली आहे.

जुनागड शहराच्या पूर्वेकडून गिरनारचा रस्ता निघतो. दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू जवळ येतात आणि सोनरेख नदीच्या काठाने वाट दरीत शिरते. या रस्त्यालगत एका इमारतीच्या आत एक मोठा शिलाखंड आहे. त्यावर सम्राट अशोकाच्या चौदा धर्माज्ञा ब्राह्मी लिपीत कोरलेल्या आहेत. त्याच शिळेवर महाक्षत्रप रुद्रदामन याचा इ. स. 150 च्या सुमाराचा संस्कृत लेख आहे. तो प्रत्येक यात्रेकरूने समजून घ्यावा असा आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी येथे सुदर्शन नावाचा तलाव बांधला गेला होता. अतिवृष्टीत गिरनारवरून उतरणाऱ्या नद्यांना पूर आला व बांध फुटला. भगदाड 420 हात लांब होते. राजाच्या सल्लागारांनी दुरुस्तीला विरोध केला आणि प्रजेत हाहाकार झाला. तेव्हा सुविशाख नावाच्या अधिकाऱ्याने हे काम पूर्ण केले. प्रजेवर कर वा वेठबिगार न लादता राजकोशातून हा खर्च केल्याचे लेखात आवर्जून नोंदविले आहे. पुढे इ. स. 455 मध्ये बांध पुन्हा फुटला. स्कंदगुप्ताच्या काळी चक्रपालिताने तो बांधून काढला व विष्णूचे मंदिर उभारले, असे त्याच शिळेवरील तिसरा लेख सांगतो. तलाव आज उरलेला नाही. शिळा मात्र आहे, आणि तिच्यासमोरून मोटारी न थांबता निघून जातात!

पुढे दामोदर कुंड लागते. संत नरसी मेहता येथे नित्य स्नानास येत, अशी परंपरा आहे. सौराष्ट्रातील लोक अस्थिविसर्जनासाठी याच कुंडावर येतात. जवळच मुचकुंद महादेवाचे स्थान व गुहा आहे. कालयवन पाठलाग करीत असता श्रीकृष्ण या गुहेत शिरले आणि निद्रिस्त मुचकुंद राजाच्या दृष्टीने कालयवन भस्म झाला, ही भागवतातील कथा येथे सांगितली जाते.

कोरीव लेणी शहराच्या बाजूस आहेत. उपरकोट किल्ल्यातील बौद्ध लेणी जमिनीखाली मजल्यांनी उतरत गेली असून त्यांतील स्तंभांवरचे नक्षीकाम पाहण्यासारखे आहे. किल्ल्याचा जीर्णोद्धार होऊन तो 2023 साली पुन्हा खुला झाला. खापरा कोडिया लेणी साधी व अधिक प्राचीन मानली जातात. बावा प्यारा लेण्यांत क्षत्रपकालीन लेख सापडला असून त्यातील केवलज्ञानाच्या उल्लेखावरून तेथे जैन मुनींचे वास्तव्य असावे, असे अभ्यासक मानतात.

भवनाथ महादेव मंदिराजवळून चढ सुरू होतो. एकूण पायऱ्या सुमारे दहा हजार आहेत. आजचा पायरीमार्ग घडविण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुनागड संस्थानात लॉटरी काढून पैसा उभारला गेला. चढाच्या निम्म्या वाटेवर जैन मंदिरांचा समूह आहे. त्यातील नेमिनाथ मंदिराची पुनर्उभारणी सिद्धराज जयसिंहाच्या काळी, बाराव्या शतकात झाली. त्यावर अंबामातेचे मंदिर, पुढे 1,117 मीटर उंचीचे गोरक्षनाथ शिखर, जे गुजरातेतील सर्वोच्च स्थान आहे, आणि त्यापलीकडे श्रीदत्तपादुकांचे शिखर.

दि. 24 ऑक्टोबर 2020 पासून रोपवे सुरू झाला. त्याविषयी भाविकांत एक गैरसमज आढळतो. रोपवे अंबामातेपर्यंतच जातो, दत्तशिखरापर्यंत नाही. तेथून गोरक्षनाथाचा चढ, मग मोठा उतार व पुन्हा उभा चढ, अशी काही हजार पायऱ्यांची वाट उरते. येताना तो उतार चढावा लागतो. गुडघ्यांचे वा हृदयाचे दुखणे असलेल्या ज्येष्ठांनी वैद्यांचा सल्ला घेऊनच निघावे. अंबामातेपासून दत्तशिखराकडे हात जोडून परतण्यात काहीही उणे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. वारा जोराचा असल्यास रोपवे बंद ठेवला जातो, म्हणून परतीचे तिकीट तेवढ्यावर बेतू नये.

दत्तशिखराजवळ कमंडलू कुंड आहे. तेथील धुनी व अन्नछत्र भाविकांच्या परिचयाचे आहे. शिखरावरील पादुका दत्तभक्तांना वंद्य आहेत, तसेच हे स्थान भगवान नेमिनाथांची निर्वाणभूमी म्हणून जैन बांधवांनाही पवित्र आहे. या जागेवरून दोन्ही समाजांत मतभेद झालेले आहेत. जागा अरुंद असते व रांग मोठी असते. भाविकांनी घोषणा व वादविवाद टाळून दर्शन घ्यावे व लगेच पुढे सरकावे, ही विनंती.

कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत सुमारे 36 कि.मी. ची परिक्रमा असते. ही वाट जंगलातून जाते. गिरनार 2008 पासून अभयारण्य असून येथे सिंहांचा वावर आहे, त्यामुळे एरवी परवानगीशिवाय या वाटेने जाता येत नाही. महाशिवरात्रीस भवनाथला मोठी जत्रा भरते व साधू मृगी कुंडात स्नान करतात. या दोन्ही पर्वांत खोली मिळणे कठीण जाते. ज्येष्ठ व लहान मुलांसह जाणाऱ्यांनी मार्गशीर्ष ते माघ या थंडीच्या दिवसांत, सोमवार व पौर्णिमा टाळून जावे. चढ पहाटे चारच्या आत सुरू करावा, काठी व विजेरी बरोबर घ्यावी. प्लास्टिकच्या पिशव्या डोंगरावर नेऊ नयेत.