चैत्र, कार्ले आणि जुनी वाट

फाल्गुन-चैत्रात आमचा भटक्यांचा गट दर आठवड्याला एका दिवसाची पायपीट करतो. सकाळच्या लोकलने जायचं, संध्याकाळी घरी. या दिवसांत सह्याद्री वाळलेला दिसतो खरा, पण फुलतो तो आत्ताच. पळस आणि पांगारा उतरणीला लागले की करवंदीची पांढरी फुलं, अंजनीचा निळा-जांभळा बहर आणि पान नसलेल्या फांद्यांवरचा खुरचाफा सुरू होतो. कोशिंबाची कोवळी पालवी तर फुलांपेक्षा लाल!

मळवलीला उतरून कार्ल्याला जायचा बेत नेमका चैत्र शुद्ध सप्तमीला आला. म्हणजे एकवीरेच्या पालखीचा दिवस. पायथ्याच्या वेहेरगावापासून वरपर्यंत माणसांची रीघ, ढोल, गुलाल, डोक्यावर परड्या. आमच्यातले एकजण वैतागून म्हणाले, "लेणी बघायची तर यात्रा टाळूनच यायला हवं. या गर्दीत इतिहास कसला दिसणार?"

मला वाटतं, तो गर्दीतच दिसतो. का ते सांगतो.

कार्ल्याचं चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. लांबी सुमारे १२४ फूट, आणि छताच्या सागवानी कमानी अजून जागेवर आहेत. पण मला त्याहून मोठी वाटते ती तिथली नावं. हे लेणं कुणा एका राजाने पैसे देऊन खोदवलेलं नाही. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने दरवाजासाठी दान दिलं. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचं काम केलं. धेनुकाकटच्याच यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या लोकांनी, खांब दिले. आणि एक खांब आहे सोपाऱ्याच्या सातिमित्राचा. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, तेव्हाचं भरभराटीचं बंदर. म्हणजे समुद्राकाठचा माणूस घाट चढून इथे येत होता, आपलं नाव दगडात ठेवून जात होता.

आता यात्रेतली माणसं बघा. बहुतेक आगरी आणि कोळी. मुंबईची, ठाण्याची, उरण-अलिबागकडची. एकवीरा ही त्यांची कुलस्वामिनी. हे सातिमित्राचे वंशज आहेत असं मी म्हणणार नाही, तसा काही पुरावा नाही. देव बदलला, धर्म बदलला. पण बंदरापासून डोंगरापर्यंतची वाट तीच राहिली. बोरघाट हा कोकणातून देशावर चढायचा फार जुना मार्ग. त्या मार्गावर लेणी उभी राहिली ती व्यापाऱ्यांच्या येण्याजाण्यामुळे. १८३० साली घाटात गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे पूर्ण झाली, २००२ साली द्रुतगती मार्ग. वर लेण्यापाशी उभं राहिलं की समोर लोहगड-विसापूर आणि मधल्या खोऱ्यात हे सगळे रस्ते एकमेकांशेजारून जाताना दिसतात.

आणि चैत्रच का? शेतकऱ्याची सुगी उरकलेली असते, वाटा कोरड्या असतात, नद्यांना उतार असतो. घाट चढायला याहून सोयीचा महिना नाही. आपण फुलं बघायला ज्या दिवसांत निघतो, त्याच दिवसांत पूर्वीचे लोक देवाला निघत. हा योगायोग नव्हे.

देवीचं देऊळ अगदी चैत्याच्या तोंडाशी आहे. दर्शनी भाग त्यामुळे झाकला जातो, अशी अभ्यासकांची खंत मला समजते. गर्दीच्या दिवशी कोरीवकामाला हात लावणारे, प्लास्टिक टाकणारे असतात, त्याचं समर्थन मी करणार नाही. ते थांबायलाच हवं. पण यात्रा नको म्हणणं वेगळं. रिकाम्या लेण्यात दगड दिसतो. दानलेखातल्या माणसांसारखी माणसं दिसतात ती यात्रेच्या दिवशीच. दूरवरून आलेली, मिळकतीतला वाटा बाजूला काढून ठेवणारी, आपल्या गावचं नाव अभिमानाने सांगणारी. त्या दिवशी एका म्हातारीने पायरीवर बसून मला विचारलं, "कुठलं गाव तुमचं, भाऊ?" दानलेखांतही माणसाच्या नावाआधी गावच येतं!

तेव्हा कार्ल्याला एकदा आडदिवशी जा, शांतपणे खांब मोजा, नावं वाचा. आणि एकदा चैत्रात जा. तुमच्या गावाकडची अशी घाटवाटेवरची जत्रा असेल, तर जरूर कळवा. पुढच्या वसंतात पाय चालते असेपर्यंत येऊ म्हणतो.