ध्वनिवर्धकातले लोखंड

जालन्याचे नाव आज लोखंडाशी जोडले गेले आहे. भंगार वितळवून सळ्या करणारे इथले कारखाने आपल्या परिचयाचे आहेत. घरी बांधलेल्या ध्वनिवर्धकाचा इतिहास पाहू लागलो, तर तेथेही प्रश्न लोखंडाचाच निघतो. मात्र ते सळईचे नव्हे. सिलिकॉनमिश्रित पोलादाचे पातळ पत्रे रचून त्यांभोवती तांब्याची तार गुंडाळली की ट्रान्सफॉर्मर होतो. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात लाउडस्पीकरपर्यंतची वाट बहुधा त्यातूनच जाते.

१९४७ साली, जालना निजामाच्या राज्यात असताना, इंग्लंडच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॉटचा ध्वनिवर्धक प्रसिद्ध केला. हौशी मंडळी त्यातल्या केटी ६६ व्हॉल्व्हचेच गुण गात राहिली. मला विचाराल तर तो मान ट्रान्सफॉर्मरचा आहे. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही अंश उलटा करून पुन्हा आरंभी आणावयाचा, म्हणजे विकृती आपोआप कापली जाते, ही हॅरल्ड ब्लॅक यांची १९२७ची युक्ती. विल्यमसन यांनी तिच्या फेऱ्यात ट्रान्सफॉर्मरलाही घेतले, आणि म्हणूनच त्याच्या वेटोळ्यांसाठी कडक अटी घातल्या. स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर बसवला तर परतणारा अंश उशिरा पोचतो, कापण्याऐवजी भर घालतो आणि यंत्र आपणच दोलू लागते. व्हॉल्व्ह मात्र तेच!

पुढे ट्रान्झिस्टर आले. १९५६ साली एच. सी. लिन यांनी अशी रचना मांडली की आवाजाच्या वाटेवरचा तो जड ट्रान्सफॉर्मर काढूनच टाकता यावा. (त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला, हा निव्वळ योगायोग.) १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तोवर घरगुती ध्वनिवर्धकातून ते लोखंड बहुतेक गेले होते.

त्याची जागा पुष्कळ सोप्या रचनांत एका कंडेन्सरने घेतली. लाउडस्पीकर ८ ओहमचा आणि कंडेन्सर १००० मायक्रोफॅरडचा असेल, तर खर्ज सुमारे २० हर्ट्झपर्यंत पार होतो. चार पैसे वाचवण्यासाठी १०० मायक्रोफॅरडचा घेतला, की २०० हर्ट्झपासूनच आवाज उतरू लागतो. भजनात मग टाळ खणखणीत ऐकू येतात, पखवाजाचा घुमारा तेवढा हरवतो. ट्रान्झिस्टरचा नंबर विचारून घेणारे पुष्कळ भेटतात. कंडेन्सरवरचा आकडा वाचणारे थोडे. आणि दोष बिचाऱ्या पखवाजियाच्या माथी येतो.